साणयंत्राची बेअरिंगे

पांढुर्णा आणि सौसर या दोन तालुक्यांचा मिळून मध्य प्रदेशात २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. संत्री आणि कापूस पिकविणाऱ्या या मुलखात विळ्या-कुऱ्हाडींना धार लावणारे विजेचे साणयंत्र, म्हणजे ग्राइंडर, हे लहान वर्कशॉपचे जुने सोबती होय. ते घरघरू लागले की बहुधा तेलाचे दोन थेंब सोडून वेळ मारून नेली जाते. ही हयगय महागात पडू शकते.

असे यंत्र मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते. २०० मिलिमीटर व्यासाच्या चाकाची कड त्या वेळी ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. बेअरिंग झिजले की आस डगमगतो, चाक थरथरते आणि हादऱ्याने तडकलेल्या चाकाचे तुकडे कारागिराच्या तोंडावर येऊ शकतात. शिवाय मोटारीचा फिरता भाग स्थिर भागाला घासून वेटोळे जळण्याचा धोका असतोच.

परीक्षा सोपी आहे. प्रथम प्लग काढावा. मग चाके उतरवून आस हाताने फिरवावा. तो खरखरला किंवा वर-खाली हलला, तर बेअरिंग बदलावे. चाके उतरविताना एक ध्यानात ठेवावे: डाव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात; तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवूनच सुटतो.

दोन्ही बाजूंची झाकणे काढण्यापूर्वी त्यांवर खुणा कराव्यात, म्हणजे ती पूर्वीच्याच जागी बसतील. आत लहरदार वॉशर असल्यास तो जपून ठेवावा. बेअरिंगवर कोरलेला क्रमांक वाचावा. उदाहरणार्थ, ६२०३ म्हणजे आतील छिद्र १७, बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२ मिलिमीटर. हे मापन जगभर एकच असल्याने कोणत्याही कंपनीचे त्या क्रमांकाचे बेअरिंग चालते. साणेची धूळ फार बोचरी असते. म्हणून दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेले बेअरिंग घ्यावे.

जुने बेअरिंग पुलरने ओढून काढावे. नवे बसविताना जोर फक्त आतल्या कडीवर द्यावा. त्यासाठी तिच्याच मापाची नळी वापरावी. बाहेरच्या कडीवर हातोडी पडली, तर तो घाव गोळ्यांमधून आत जातो, त्यांच्या वाटेत खळगे पाडतो आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी जुने होते. आतली कडी आसावर सैल फिरत असेल, तर आधी लेथवर आस दुरुस्त करून घ्यावा.

शेवटी चाक हलकेच वाजवून पाहावे. खणखणीत नाद आला तर ते ठीक. बद्द आवाज आला तर टाकून द्यावे. टेकू चाकापासून तीन मिलिमीटरच्या आत ठेवावा, कवच बसवावे आणि यंत्र सुरू करून एक मिनिटभर बाजूला उभे राहावे. नंतरच डोळ्यांना चष्मा लावून पहिले पाते चाकाला टेकवावे.