ओझं जातं कुठे?

नोव्हेंबरातली पहाट, अमेरिकेतल्या मिसुरीचं जंगल. झाडाला बांधलेल्या मचाणावरचा शिकारी 60 पौंडांचा, म्हणजे साधारण 27 किलो ताणाचा कंपाऊंड बो पूर्ण ओढतो आणि तसाच थांबतो. हरीण झाडाआडून बाहेर यायची वाट बघत. अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. या वेळात त्याच्या हातावर भार किती असतो? जेमतेम 9 पौंड. चार किलो! धनुष्याची दोन्ही पाती वाकायची तेवढी वाकलेली असतात, त्यांच्यातली सगळी ताकद जागच्या जागी असते, आणि हाताला मात्र त्यातलं जवळजवळ काहीच जाणवत नाही.

साधं धनुष्य याच्या बरोबर उलट वागतं. जितकं ओढाल तितकं जड, आणि नेम धरायच्या नेमक्या क्षणी सगळ्यात जड. हजारो वर्षं माणसाने हे निमूटपणे सोसलं. मग मिसुरीच्याच हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या गृहस्थाने 1966 साली एका विचित्र धनुष्याच्या, म्हणजेच कंपाऊंड बोच्या, पेटंटसाठी अर्ज केला. पात्यांच्या टोकांना चाकं, आणि चाकांचा आस मधोमध नाही, एका बाजूला सरकवलेला. डिसेंबर 1969 मध्ये पेटंट मिळालं. पुढच्या दहाएक वर्षांत अमेरिकेच्या शिकारी धनुर्विद्येचा चेहराच बदलून गेला.

सगळी जादू त्या सरकवलेल्या आसात आहे. दोरी ओढली की चाक, म्हणजे कॅम, फिरतं. फिरता फिरता दोरीचं आसापासूनचं अंतर वाढत जातं आणि पात्यांना वाकवणाऱ्या केबलचं अंतर घटत जातं. तरफेचा नियम आपण शाळेत शिकलोय: लांब बाजूला थोडं बळ पुरतं. शेवटच्या दोन-तीन इंचांत हा फरक इतका वाढतो की ताण एकदम कोसळतो. याला लेट-ऑफ म्हणतात. आजच्या बोंमध्ये तो बहुतेकदा 80-85 टक्के असतो. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 साली बर्लिनमध्ये जगज्जेते झाले ते याच चाकांच्या धनुष्यावर. शिकारीचा प्रश्न आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने निकालात काढला. अमेरिकेत मात्र बोने हरणाची शिकार हा परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला प्रकार आहे. आणि यातल्या कित्येक शिकाऱ्यांचे खांदे वयाच्या पन्नाशीत दगा देतात.

खांदा दुखावलेल्या माणसाला दुकानात पहिला सल्ला मिळतो तो हाच: लेट-ऑफ जास्त असलेला बो घे. ऐकायला बरोबर वाटतं, पण मला तो अर्धवट वाटतो. कारण ओझं नाहीसं झालेलं नसतं, फक्त जागा बदललेलं असतं. पूर्ण ताणलेल्या स्थितीतून ते सरकून ओढण्याच्या सुरुवातीला आलेलं असतं. कंपाऊंड बोमध्ये पहिल्या चार-पाच इंचांतच पूर्ण 60 पौंड अंगावर येतात. त्या वेळी ओढणारा हात शरीरापुढे लांब गेलेला असतो, कोपर अजून मागे आलेलं नसतं, पाठीचे भक्कम स्नायू कामाला लागलेले नसतात. दुखऱ्या खांद्याची सगळ्यात दुबळी जागा नेमकी हीच.

खांद्याला उखळीचा सांधा म्हणतात खरं, पण ही उखळ फारच उथळ आहे. लिंबू-चमच्याच्या शर्यतीतल्या चमच्यात लिंबू जेवढं बसतं, तेवढंच दंडाच्या हाडाचं गोल डोकं तिच्यात बसतं. ते जागेवर राहतं ते चार छोट्या स्नायूंच्या कडबोळ्यामुळे, ज्याला डॉक्टर रोटेटर कफ म्हणतात. त्यातल्या वरच्या स्नायूचा कंडरा एका हाडाच्या छपराखालून, अगदी अरुंद जागेतून जातो. हात वर उचलून जोर लावला की तो तिथे चिमटतो, घासतो, आणि बरेचदा फाटतोही तिथेच.

म्हणून दुखरा खांदा कोणता, हे आधी बघायचं. दोरी ओढणारा असेल तर कॅमचा आकार महत्त्वाचा. काही कॅम वेगासाठी घडवलेले असतात: ताण झटकन शिखरावर जातो, बराच वेळ तिथेच राहतो, आणि शेवटी कड्यावरून पडावा तसा पडतो. काही गोलसर असतात. ताण सावकाश चढतो, सावकाश उतरतो. दोन्हींवर आकडा 60 चाच लिहिलेला असतो, पण खांद्याला दोन वेगळी यंत्रं वाटतात. बो धरणारा खांदा दुखरा असेल तर प्रश्न निराळा. तिथे सगळा दाब हाडातून सरळ उखळीत जातो आणि शिवाय बोचं वजन पेलायचं असतं. नुसता बो दोन किलोच्या आसपास. त्यावर नेम धरायची साइट, बाणांचा भाता, तोल राखणारा स्टॅबिलायझर चढले की तीनाकडे जातो. अशा माणसाने हलका बो शोधावा आणि ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी मागे ओढायचं अंतर, अर्धा इंच कमीच ठेवावी. ती जास्त असली की पुढचा खांदा कानाकडे चढतो आणि तोच कंडरा पुन्हा चिमटतो.

विकत घेताना जे कोणी तपासत नाही, ते म्हणजे बाण न सोडता दोरी परत पुढे नेणं. शिकारीत हे सतत घडतं. हरीण वळलं, मध्ये फांदी आली, नेम जमला नाही. दोरी हळूहळू पुढे सोडायला लागलात की दोन-तीन इंचांतच 9 पौंडांचे 60 होतात आणि बो हात पुढे हिसकतो. वेगवान कॅम आणि भरपूर लेट-ऑफ एकत्र आले की हा हिसका सगळ्यात वाईट. ज्या गुणासाठी बो घेतला तोच शस्त्रक्रियेत शिवलेला कंडरा उसवू शकतो.

मग ताण कमी केला तर वेग जाणार. जाऊ दे की! जाहिरातीतला वेग मोजतात तो 70 पौंड ताण, 30 इंच ड्रॉ आणि 350 ग्रेनचा, म्हणजे जेमतेम 23 ग्रॅमचा बाण लावून. हे तुमच्या-माझ्या अंगाचं माप नव्हे. हरीण 20 यार्डांवर आहे असं धरा. सेकंदाला 300 फूट वेगाचा बाण तिथे 0.2 सेकंदात पोहोचतो, 250 चा 0.24 सेकंदात. दोरीचा आवाज मात्र 0.05 सेकंदात हरणाच्या कानी पडतो. म्हणजे दोन्ही बाण आवाजाशी शर्यत हरलेलेच, त्या 0.04 सेकंदासाठी खांदा पणाला लावण्यापेक्षा शांत बो आणि जवळचं अंतर केव्हाही बरं. ताकदीचं म्हणाल तर 380 ग्रेनचा बाण सेकंदाला 225 फुटांनी गेला तरी सुमारे 43 फूट-पौंड ऊर्जा घेऊन जातो, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी ईस्टन ही बाण बनवणारी कंपनी 25 ते 41 पुरेशी धरते. कायदाही फार ताण मागत नाही. अस्वलं आणि मूस असलेल्या अलास्कातसुद्धा हरणासाठी किमान 40 पौंड ताणाचा बो चालतो, मूससाठी 50 चा.

ज्यांची ताकद हळूहळू परत यायची आहे त्यांच्यासाठी डायमंड कंपनीच्या इन्फिनिट एज प्रोसारखा बो आहे, जो 5 पौंडांपासून 70 पर्यंत वाढवता येतो. मुलांना वाढत्या वयात वापरता यावा म्हणून केलेली ही सोय फिजिओथेरपीच्या टेबलावरून उठलेल्या माणसाच्याही कामी येते.

आणि खांदा म्हटला की शीतल देवी आठवतेच. जम्मू-काश्मीरच्या किश्तवाडची, जन्मतः हात नसलेली ही मुलगी बो उजव्या पायाने धरते, दोरी खांद्याने मागे ओढते आणि बाण जबड्याच्या जोरावर सोडते. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारबरोबर तिने कांस्य मिळवलं. त्याच स्पर्धेत तसाच हात नसलेला अमेरिकेचा मॅट स्टट्झमन कंपाऊंडचं सुवर्ण घेऊन गेला. आपण ज्याला नाजूक म्हणतो तो सांधा शीतलकडे दोरी ओढायचं साधन आहे. तेही शक्य होतं ते शेवटी ताण कोसळवणाऱ्या त्या चाकामुळे.

डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर दुकानात जाल तेव्हा खुर्ची मागून घ्या. बसून, पाय जमिनीवरून किंचित उचलून, बो आभाळाकडे न नेता समोर सरळ ठेवून दोरी ओढा. मनात तीसपर्यंत मोजा आणि बाण न सोडता दोरी सावकाश परत न्या. दुकानदाराने आधी लावून दिलेल्या ताणावर हे जमलं नाही, तर त्याला पाच पौंड उतरवायला सांगा, मग आणखी पाच. हे सगळं हिवाळ्यात घालायचं जाड जाकीट अंगात असताना करा, कारण मचाणावर तेच अंगात असणार आहे.