जोगत्याचे गाणे आणि सरकारचा कागद

गेल्या माघात निपाणीच्या माझ्या शिकवणीत एक पेच उभा राहिला. पेच गाण्याचा नव्हता, व्याकरणाचा होता. संगीताच्या परीक्षेचा अर्ज भरताना मी विद्यार्थ्याबरोबर शिक्षक म्हणून एक चिठ्ठी जोडतो. अमुक इतके महिने माझ्याकडे गायन शिकला, किंवा शिकली, एवढाच तिचा मजकूर. आजवर शेकडो चिठ्ठ्या लिहिल्या असतील. त्या दिवशी मात्र त्या एका क्रियापदापाशी माझी लेखणी थांबली. समोर बसलेली व्यक्ती जोगता होती.

हा पेच कसा सुटला ते शेवटी सांगतो. त्याआधीची हकीकत सांगणे जरूर आहे. कारण ती माझ्या एकट्याची नाही. कोल्हापूरपासून सौंदत्तीपर्यंतच्या या पट्ट्यात ज्याच्या दारात कधीतरी जोगवा मागितला गेला आहे, त्या प्रत्येकाची ती आहे.

माझे वडील वाड्यावरचे गवई. संस्थान विलीन झाले तरी नवरात्रातली नऊ दिवसांची गाण्याची सेवा वाड्याने पुढे कित्येक वर्षे चालू ठेवली होती, आणि ती वडिलांकडे होती. सुराच्या बाबतीत माणूस मोठा कडक. भल्याभल्यांच्या गाण्याला मान हलवायचे नाहीत. पण मंगळवारी नाहीतर शुक्रवारी दारात जोगता येऊन उभा राहिला की ते रियाज थांबवून ऐकत. हिरवे लुगडे, कपाळभर भंडारा, डोक्यावर यल्लम्माचा जग आणि जोडीदाराच्या काखेत चौंडके. चौंडक्याला एकच तार. एका हाताने ती ताणायची, दुसऱ्या हाताने छेडायची. ताण बदलला की आवाज चढतो, उतरतो. वडील मला म्हणत, "तार एवढी हलते आहे, पण गाणाऱ्याचा सूर हलतोय का बघ."

आई जोगत्याच्या परडीत पीठमीठ घाली, पायावर डोके ठेवी. मान एवढा मोठा. परंतु त्याला कधी कोणी "ओट्यावर बसा" म्हटल्याचे मला आठवत नाही. वडिलांनीही कधी म्हटले नाही. ते ऐकत ते आतून, आणि तो गाई तो अंगणातून. लहानपणी यात काही वावगे आहे असे मला वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर मोठेपणीही बराच काळ वाटले नाही.

हे जोगते कोण, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. पण नव्या पिढीसाठी दोन शब्द सांगतो. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीचा डोंगर हे यल्लम्माचे, म्हणजेच रेणुकेचे ठाणे. एखाद्या पोराच्या केसांत जट झाली, दुखणे हटेना, किंवा त्याच्या चालण्याबोलण्यात बाईपण दिसू लागले, तर 'आईने त्याला बोलावले' असे समजून देवीला सोडायचे, गळ्यात मण्यांची माळ बांधायची आणि लुगडे नेसवायचे. मराठीत त्याला जोगता म्हणतात, कानडीत जोगप्पा. हिजडा समाजातील निर्वाणाचा विधी यांच्या परंपरेत नाही. त्यांचे गाणे मराठीतही असते आणि कानडीतही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आपण सीमेवर भांडत आलो. जोगत्याचे चौंडके मात्र दोन्ही भाषांत वाजत राहिले.

बाईपण घेऊन जन्मलेल्या पुरुषाला, किंवा पुरुषाच्या देहात स्वतःला बाई मानणाऱ्या जिवाला, समाजाने इथे एक जागा दिली हे खरे. पण ती जागा त्याची म्हणून दिली नाही. देवीची म्हणून दिली. डोक्यावर जग असेपर्यंत पाया पडायचे, जग खाली ठेवला की टिंगल करायची. त्याने घर मागू नये, शाळा मागू नये, जोडीदार मागू नये. जोगवा मात्र खुशाल मागावा.

सुधारणेचा हातही त्याच्यापर्यंत सरळ पोहोचला नाही. १९२० साली राजर्षी शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात जोगतिणी-मुरळ्या सोडण्याच्या चालीला कायद्याने बंदी केली. पुढे कर्नाटकाने १९८२ साली देवदासी-समर्पणाला मनाई करणारा कायदा केला. दोन्ही गोष्टी अत्यंत जरूरीच्या होत्या. लहान मुलींचे आयुष्य देवाच्या नावाने बाजारात जात होते. परंतु १९८२ च्या कायद्याने देवदासीची व्याख्या 'स्त्री' अशी केली होती. पुरुष म्हणून नोंद झालेला जोगता त्या व्याख्येत बसत नव्हता.

दुसरा एक कायदा मात्र त्याला बरोबर ओळखत होता. १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेतील कलम ३७७ ने 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात तर तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र भागच होता. त्यांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत घालायची. आणि नोंद झालेला माणूस बाईच्या वेषात रस्त्यावर दिसला, नाचला किंवा त्याने वाद्य वाजवले, तर दोन वर्षांपर्यंत कैद. निजामाच्या हैदराबाद संस्थानानेही १९१९ च्या सुमारास त्याच धर्तीचा कायदा केला. तो तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने रद्द केला २०२३ साली! वाद्य वाजवणे हा गुन्हा, हे वाचून माझ्यासारख्या पेशाच्या माणसाच्या अंगावर काटा येतो.

आणि नेमक्या त्याच काळात आपला मराठी रसिक काय करीत होता? १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या बालगंधर्वांच्या शालूवर आणि अंबाड्यावर जीव ओवाळून टाकीत होता. किर्लोस्करांचे गुर्लहोसूर हेही याच बेळगाव जिल्ह्यातले. बालगंधर्वांचे गाणे आमच्या घरात दैवताच्या जागी आहे. त्यांच्या कलेला उणे लेखण्याचा प्रश्नच नाही. माझा प्रश्न आपल्याला आहे. पुरुषाने तिकिटाच्या पडद्यामागे लुगडे नेसले तर ती कला, आणि बाजारात नेसले तर तो गुन्हा, हे कसे?

आता अलीकडचे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क आहे असा निकाल दिला. ठाण्याच्या नृत्यांगना लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या प्रकरणात अर्जदार होत्या. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीचे संबंध वगळले. त्या खटल्याला ज्यांचे नाव आहे ते नवतेजसिंग जोहर हे भरतनाट्यमचे नर्तक आहेत, ही गोष्ट कलावंतांनी तरी विसरू नये. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू झाली. तीत ते कलम घेतलेलेच नाही. २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून तृतीयपंथी म्हणून ओळखीचे प्रमाणपत्र मिळू लागले. २०२१ साली कर्नाटक सरकारने नोकऱ्यांत तृतीयपंथीयांसाठी एक टक्का जागा राखल्या. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले आणि तो प्रश्न विधिमंडळावर सोपवला. म्हणजे शिक्षा गेली, संसाराचा हक्क आला नाही.

शेजारच्या पाकिस्तानची गोष्ट तुलनेसाठी पाहण्याजोगी आहे. दंडसंहिता तीच, कलमाचा आकडाही तोच, ३७७; आपल्याकडचे गेले, त्यांच्याकडचे राहिले. आणि तरीही त्या धर्मनिष्ठ देशाने २०१८ साली, आपल्या आधी एक वर्ष, तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा केला. तिथेही हा समाज लग्नाबारशाच्या घरी गाऊन दुवा देत आलेला. मे २०२३ मध्ये तिथल्या शरियत न्यायालयाने त्या कायद्यातील स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचे आणि वारशाचे कलम धर्माशी विसंगत ठरवले. आपण त्यांना नावे ठेवण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परंपरेने दिलेली जागा दोन्हीकडे सारखीच आहे: आशीर्वाद द्यायला या, वाटा मागायला येऊ नका.

साहित्याने हे आपल्याला कधीच सांगितले होते. डॉ. राजन गवस यांची 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' ही पुस्तके या मातीतलीच. त्यांच्या आधारे राजीव पाटील यांनी २००९ साली 'जोगवा' चित्रपट आणला, त्याला राष्ट्रीय पारितोषिके मिळाली, आणि आपण सारे चित्रपटगृहात रडलो. बल्लारीकडच्या मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ साली राष्ट्रपतींच्या हस्ते पद्मश्री घेताना त्यांनी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली. तेव्हाही आपण टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला आपण कधीच मागे नसतो.

आता माझी कबुली. सहा वर्षांपूर्वी निपाणीच्या शिकवणीत एक तरुण जोगता आला. नाव सांगत नाही. तशी विनंतीच आहे. गळा असा की पहिल्याच दिवशी पंचम लावला तेव्हा मला वडिलांची आठवण झाली. आठ महिने शिकवणी चालली. मग एका पालकाने कुरकूर केली, दुसऱ्याने मुलगी पाठवणे बंद केले. मी भांडलो नाही. "तू रात्री आठनंतर एकटा येत जा," असे सांगितले. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या आठवड्यापासून येणे बंद केले. अंगणात उभे करण्याची घरची रीत मी घड्याळाने पाळली, एवढाच फरक.

गेल्या माघात भारत पौर्णिमेची सौंदत्तीची यात्रा करून तीच व्यक्ती पुन्हा दारात उभी राहिली. हातात जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र, त्यावर नवे, बाईचे नाव. म्हणाली, "मास्तर, परीक्षा द्यायची हाय. अर्ज भरता न्हवं?"

म्हणून चिठ्ठी लिहायला बसलो, आणि 'शिकला' की 'शिकली' यापाशी अडलो. मराठीला तिसरे लिंग आहे, पण त्याचे नाव नपुंसकलिंग. ते टेबलाला चालते, पाखराला चालते, माणसाला लावले तर ती शिवी होते. मी विचारले, "काय लिहू?"

ती हसली. "यल्लम्माच्या दारात मला ह्ये कुनी इचारत न्हाई, मास्तर. कागुद आला की समदी इचारत्यात. तुमी गानं ऐकलंय न्हवं माझं? मग तुमीच ल्ह्या."

मी 'शिकल्या आहेत' असे लिहिले. ती वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तरी त्या चिठ्ठीत आदरार्थी अनेकवचनच योग्य वाटले. मग विचारले, "शिकवणीला कधी येतेस?" तिने खाली पाहत उत्तर दिले, "आठनंतर?"

"नाही," मी म्हटले, "पाचला. सगळ्यांबरोबर."

पहिल्या दिवशी सातांपैकी दोन मुले आली नाहीत. त्यांतले एक पुन्हा येऊ लागले आहे, दुसरे आलेले नाही. त्याच्या वडिलांशी मी दोनदा बोललो, तिसऱ्यांदा बोलणार आहे. न्यायालयाला जे करता येते ते त्याने बरेचसे केले. सतरंजीवर सरकून जागा करून देणे हे न्यायालयाचे काम नव्हे. ते ज्याच्या घरी सतरंजी आहे त्याचे. परीक्षा वैशाखात झाली. भूप तिने नीट मांडला, तानेत किंचित घाई केली. पुढच्या परीक्षेपर्यंत ती घाई काढायची आहे.