जामीन कोण? कोल्हापूर ते युरोप, पाव शतकाचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यात कर्ज काढायचं म्हटलं की रक्कम ठरण्याआधी जामीनदार ठरतो. पतसंस्था असो की नागरी बँक, अर्जाखाली आणखी कुणाची तरी सही लागते. ती सही करणारा चुलता असतो, शेजारी असतो, नाहीतर तालमीतला दोस्त. पैसा कमी पडला तरी चालतं, पाठीमागं माणूस हवा, हा इथला जुना व्यवहार. गेल्या पंचवीस वर्षांत इथली मुलं जर्मनी, आयर्लंड, नेदरलँड्सला जाऊ लागली, तेव्हा या घरांची गाठ वेगळ्याच सावकाराशी पडली. तो माणसाच्या शब्दावर फारसा राजी होत नाही. त्याला रक्कम दिसायला लागते, तीही कुलपात, आणि जोडीला शिक्का मारलेला कागद.

याआधी युरोपला गेलेल्यांच्या मागं माणूसच उभा होता. डॉ. आंबेडकर 1920 मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला निघाले, त्या वेळचा जमाखर्च चरित्रकारांनी नोंदवला आहे. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून टाकलेली शिल्लक, नवल भथेना या मित्राकडून पाच हजारांचं कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार रुपये. 1921 च्या उन्हाळी सत्रासाठी त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव घातलं. तेव्हा मार्क घसरलेला होता, पौंड बाळगणाऱ्याला जर्मनी स्वस्त पडत होती. एका युरोपीय देशातून दुसऱ्यात जाताना चलनाचा भाव बघावा लागतो, हे रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणाऱ्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

उलट दिशेची गोष्ट कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची. 1943 पासून 1948 पर्यंत तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांचा खर्च आधी लंडनमधलं निर्वासित पोलिश सरकार करत होतं. 1945 मध्ये ब्रिटननं त्या सरकारची मान्यता काढली आणि खर्चाची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिली. मायदेशी साम्यवादी राजवट आलेली, परत जायला फार थोडे तयार. मग जायचं कुठं? ज्या बाईचा नवरा किंवा मुलगा ब्रिटिश हुकमतीखालच्या पोलिश सैन्यात लढला होता, तिच्यासाठी इंग्लंडचं दार उघडलं. 1947 च्या पोलिश पुनर्वसन कायद्यानं त्या कुटुंबांच्या पोटापाण्याची आणि निवाऱ्याची सोय केली. ज्यांचं सैन्यात कुणी नव्हतं, त्यांना ताटकळावं लागलं. तिथंही जामीन नात्याचाच होता. त्या बराकींत पुढं फाळणीतले सिंधी आले, त्याचं गांधीनगर झालं, आणि आज आपण तिथं घाऊक भावात कापड घ्यायला जातो.

आता चालू पर्वाकडे. 1 ऑगस्ट 2000 ला जर्मनीनं संगणक क्षेत्रासाठी ग्रीन कार्ड योजना काढली. मर्यादा 20,000 जणांची, परवाना पाच वर्षांचा, आणि पदवी नसेल तर वर्षाला एक लाख मार्क पगाराची अट. तिथल्या एका प्रांतिक निवडणुकीत भारतीयांपेक्षा आपली मुलं बरी, अशा अर्थाची घोषणाही गाजली. कोल्हापुरातून तेव्हा जे गेले ते थेट इथून नव्हे, पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांमार्फत गेले. तिकीट कंपनीचं, विमा कंपनीचा, सुरुवातीची खोली कंपनीची. म्हणजे जामीनही कंपनीचा. घरच्यांना फक्त विमानतळावर सोडायला जायचं होतं.

विद्यार्थ्यांची लाट नंतरची. एप्रिल 2012 मध्ये ब्रिटननं शिक्षणानंतर नोकरीसाठी थांबायची मुभा बंद केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीनं कुशल परदेशी नोकरदारांसाठी युरोपीय ब्लू कार्ड लागू केलं. ब्रिटनला बँकेत रक्कम दाखवावी लागायची ती सलग 28 दिवस. हा नियम आपल्या लोकांना पक्का कळला होता. भाऊबंदांकडून, व्यापाऱ्याकडून महिनाभरासाठी पैसे आणायचे, पासबुकावर दाखवायचे, व्हिसा झाला की परत. जर्मनीत ही युक्ती चालेना. तिथं वर्षभराचा खर्च ‘ब्लॉक अकाउंट’मध्ये आधी भरायचा आणि पोचल्यावर दरमहा ठरलेला हप्ताच काढता यायचा. तिथं राहणाऱ्यानं हमीपत्र दिलं तर चालायचं, पण तिथं आपलं होतं कोण?

ही रक्कम कशी चढत गेली ते पाहा. 2014 च्या सुमारास 8,040 युरो, मग 8,640, 2019 मध्ये 10,236, 2021 मध्ये 10,332, जानेवारी 2023 पासून 11,208 आणि सप्टेंबर 2024 पासून 11,904, म्हणजे महिन्याला 992. रुपयात बोलायचं तर दहा वर्षांत साडेसहा लाखांचे अकरा-बारा लाख झाले, कारण युरोही मधल्या काळात चढला. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, ही जाहिरात खरीच. पण फुकट शिक्षणासाठी आधी बारा लाख टेबलावर ठेवायचे, हे समजावताना सल्लागारांची तारांबळ उडते.

खरी अडचण रकमेपेक्षा महिन्यांची होती. जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं. व्हिसाच्या मुलाखतीआधी खात्यात पैसे हवेत, म्हणजे मे ते जुलै. आपल्याकडं गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्चच्या आसपास संपतो. कायद्यानं ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त भाव, मिळायला हवी. ती कधी मिळते यावर तर शिरोळ-हातकणंगल्यात आंदोलनं उभी राहिली. मिळाली तरी त्यातून सोसायटीची वसुली आधी कापली जाते. उरलेल्यात खत, लावणी, लग्न. युरोपला पैसा हवा असतो नेमका अशा दिवसांत, जेव्हा ऊसवाल्याचं घर कोरडं असतं.

मग बँक. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या माणसाची हमी, त्यापुढं स्थावर तारण, अशी पायरी बरीच वर्षं चालली. साडेसात लाखांची ही रेघ महत्त्वाची. 2017 ला ब्लॉक अकाउंटची रक्कम तिच्या आत बसत होती, म्हणजे जामीनदारावर भागत होतं. 2019 नंतर बसेना. आणि तारण म्हणून शेतजमीन नको, असं बँका सांगू लागल्या, कारण 2002 च्या वसुली कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. झालं काय, पंचगंगेच्या काठाला पाच एकर बागायत असलेल्या बापाकडं बँकेच्या लेखी तारण नाही, आणि कळंब्याला दीड गुंठ्याचा बिगरशेती प्लॉट असलेल्या कारकुनाकडं आहे. या उलट्या न्यायाची चर्चा पारावर व्हावी तितकी झाली नाही. अनेक घरांनी त्या वर्षांत मामाचा फ्लॅट, मेव्हण्याचा गाळा तारण दिला. फिरून जामीन माणसावरच आला, फक्त सहीच्या जागी घर गेलं.

ऑक्टोबर 2020 पासून परदेशी पाठवणीवर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच गोळा होणारा कर, लागलं. सात लाखांवरच्या रकमेवर शिक्षणासाठी पाच टक्के, कर्जातून पाठवली तर अर्धा टक्का. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरून परत मिळतो. पण पाठवतानाच बाजूला काढावा लागतो, आणि शेती उत्पन्नावर जगणाऱ्या कितीतरी घरांनी तोवर विवरणपत्र भरलेलंच नव्हतं. एप्रिल 2025 पासून मर्यादा दहा लाख झाली आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या कर्जातून जाणाऱ्या रकमेवरचं टीसीएस उठलं. नोव्हेंबर 2022 पासून जर्मनीच्या व्हिसासाठी पदव्या तपासून दिलं जाणारं एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं झालं, त्याचे 18,000 रुपये वेगळे.

तिकडं पोचल्यावरची पहिली शिकवण अनामतीची. घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत घेऊ शकतो, आणि ब्लॉक अकाउंट तर महिन्याला एकच हप्ता सोडतं. म्हणून जाणकार पालक दीड-दोन लाख वेगळे देऊ लागले. पत्त्याची नोंद झाल्याशिवाय कर क्रमांक नाही, कर क्रमांक नसेल तर पगारातून कर जास्त कापला जातो. सरकारी आरोग्य विम्याची विद्यार्थी सवलत तिशीपर्यंतच. नोकरी करून, अनुभव गाठीला बांधून उशिरा जाणाऱ्यांना ही अट महागात पडली. रेडिओ-टीव्हीचं शुल्क घरटी महिन्याला 18.36 युरो, मग घरात टीव्ही असो वा नसो. हे ऐकून चिडला नाही असा कोल्हापूरकर माझ्या पाहण्यात नाही.

विद्यार्थ्याला काम करायला वर्षाला 120 पूर्ण दिवस मिळायचे, मार्च 2024 पासून 140. किमान वेतन 2015 ला तासाला साडेआठ युरो होतं, 2025 ला 12.82. त्यामुळं शिकताना जेवणखाण आणि खोलीभाडं निघू शकतं, कर्जाचा हप्ता नव्हे. नोकरी लागल्यावर दुसरा हिशेब. पन्नास हजार युरोचं पत्र आलं की इकडं पेढे वाटतात, कारण शंभरनं गुणाकार तोंडपाठ असतो. एकट्या माणसाच्या हातात त्यातले बत्तीसएक हजार पडतात. बाकी कर, आरोग्य, बेकारी विमा आणि पेन्शन. पेन्शनचा वाटा 18.6 टक्के, निम्मा मालकाचा, निम्मा आपला.

एका देशातून दुसऱ्यात सरकणाऱ्यांनी आणखी एक धडा घेतला. जर्मनीचा परवाना म्हणजे सगळ्या युरोपात नोकरीची मुभा, असा समज फार पसरला होता. शेंगेन म्हणजे फिरायची सोय, तीही 180 दिवसांत 90 दिवस. नोकरीला नव्या देशाचा परवाना लागतोच, ब्लू कार्डवाल्याला तो वर्षभरानंतर सोपा पडतो इतकंच. आयर्लंड तर शेंगेनमध्येही नाही आणि ब्लू कार्डातही नाही. नेदरलँड्समध्ये परदेशातून आलेल्या कुशल माणसाला पगाराच्या 30 टक्क्यांपर्यंत करमुक्त भत्ता मिळू शकतो. पण 2012 पासून अट अशी की नोकरी लागण्याआधीच्या 24 महिन्यांपैकी 16 हून अधिक महिने तो डच सीमेपासून दीडशे किलोमीटरच्या पलीकडं राहिलेला हवा. आखन हे शहर सीमेला चिकटून आहे आणि इंजिनिअरिंगसाठी आपली मुलं तिथं आवडीनं जातात. तिथं दोन वर्षं शिकून आइंडहोव्हनला नोकरी धरणारा त्या सवलतीला मुकतो, आणि त्याचा कोल्हापूरच्या उद्यमनगरातून थेट गेलेला वर्गमित्र ती घेतो. जवळ राहिल्याची शिक्षा म्हणायची.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. दहा हजार तरुण पाठवायचे आणि त्यांना भाषा शिकवायचा खर्च सरकारचा, असं जाहीर झालं. इथं जामीन म्हणून खुद्द सरकार पुढं आलं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या टर्नर-फिटरना यात आशा दिसली, आणि ती गैर नाही. कास्टिंग आणि मशिनिंग ही या शहराची जुनी विद्या. पण जर्मन कामगार कारखान्यात काम करता करता तीन-साडेतीन वर्षं शिकतो, आपला आयटीआय दोन वर्षांचा. त्यामुळं प्रमाणपत्राला बरेचदा अर्धीच मान्यता मिळते, उरलेलं तिकडं शिकावं लागतं. नर्सला बी-टू पातळीची भाषा लागते. दिवसभर पाळी करून संध्याकाळी जर्मन व्याकरण करणाऱ्याला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि त्या काळात बुडालेल्या ओव्हरटाइमचा खर्च कुठल्याच जाहिरातीत धरलेला नव्हता. माझ्या मते या योजनेचं खरं अंदाजपत्रक तेच होतं.

मागं राहिलेल्या घराचे व्यवहारही हळूहळूच कळले. नोकरीसाठी बाहेर गेलेल्याचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी खात्यामध्ये बदलावं लागतं. कित्येकांनी ते वर्षानुवर्षं तसंच ठेवलं, कारण त्याचं एटीएम कार्ड वडील वापरत होते. एनआरओ ठेवीच्या व्याजावर 30 टक्के आणि वर उपकर कापला जातो, तो बघून घरोघरी भांडणं झाली. जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालवता येतं, नवं काढता येत नाही. सगळ्यात झोंबलेला नियम जमिनीचा. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली ठेवता येते. युरो कमवून बांधाशेजारचं वावर घ्यायचं, हे कितीतरी जणांच्या मनात होतं. मग खरेदी भावाच्या नावावर झाली, आणि पैसा कुणाचा, सातबारा कुणाचा, हा प्रश्न पुढच्या पिढीसाठी तयार राहिला. वाटणीसाठी वटमुखत्यारपत्र करायचं तर सहसा भारतीय वकिलातीत जाऊन सही करावी लागते.

पेन्शनकडं मात्र बहुतेकांनी पाठ फिरवली. भारत आणि जर्मनी यांचा सर्वंकष सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे. त्यात दोन्हीकडच्या भरण्याचा काळ हक्कासाठी एकत्र धरता येतो आणि पेन्शन भारतात मिळू शकते. बेल्जियमशी 2009 पासून, नेदरलँड्सशी 2011 पासून तसेच करार आहेत. जर्मनीत साठ महिन्यांचा भरणा असला की हक्क तयार होतो. ग्रीन कार्डवर 2000 मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेला आणि पाच-सहा वर्षांनी परतून ताराबाई पार्कात स्थिरावलेला माणूस 2039 मध्ये 67 वर्षांचा होईल. त्या पेन्शनचा अर्ज इथूनही करता येईल. त्यासाठी पगारपत्रकाच्या कोपऱ्यात छापलेला पेन्शन विमा क्रमांक हवा, आणि बऱ्याच घरांत ती फाइल माळ्यावरच्या कुठल्या ट्रंकेत आहे हे विचारूनच बघावं लागेल.