शिफारसपत्रांतील विशेषणें

अमेरिकेंत वैद्यकीची पदवी घेतल्यावर रुग्णालयांत निवासी डॉक्टर म्हणून प्रवेश हवा असेल, तर गुणांबरोबर गुरुजनांचीं शिफारसपत्रेंहि लागतात. हीं पत्रें निःपक्षपाती असतात काय? तेथील एका मोठ्या वैद्यकीय विद्यालयांत अध्यापकपदावर नेमलेल्या उमेदवारांचीं ३०० हून अधिक पत्रें फ्रान्सेस ट्रिक्स व कॅरोलिन सेन्का या विदुषींनीं तपासलीं व २००३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्रियांचीं पत्रें सरासरीनें आंखूड. त्यांत शंकेस वाव ठेवणारीं वाक्येंहि अधिक. पुरुषाविषयीं ‘त्याचें संशोधन’, स्त्रीविषयीं ‘तिचें अध्यापन’, असा एकंदर झोंक.

उघड निंदा नव्हे, मर्म तें हेंच. आपल्या अलंकारशास्त्रांत व्याजस्तुति आहे; पण तेथें कवीला आपला हेतु ठाऊक असतो. येथें लिहिणारासहि तो ठाऊक नसतो.

हें वाचून मीं माझ्या जुन्या दाखल्यांच्या नकला काढल्या. डॉक्टर होऊं इच्छिणाऱ्या एका मुलाविषयीं ‘कुशाग्रबुद्धि’ असें लिहिलें होतें. त्याच वर्षीं त्याच्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या मुलीविषयीं ‘विनयशील व कष्टाळू’. शस्त्रक्रियेच्या मेजापाशीं विनय कितपत कामास येतो, हा विचार तेव्हां मनांत आला नाहीं. शब्द खोटे नव्हते. ती विनयशील होतीच. पण दोघांत कुशाग्रहि तीच अधिक होती, आणि तें मीं लिहिलें नाहीं.