होमरच्याही मागे

३ डिसेंबर १८७२. लंडनमध्ये ‘सोसायटी ऑफ बिब्लिकल आर्किऑलॉजी’ची सभा भरलेली. निबंध वाचणारा जॉर्ज स्मिथ ३२ वर्षांचा, ब्रिटिश म्युझियममधला सहायक. शाळा चौदाव्या वर्षीच सुटलेली, मग नोटांचे ठसे कोरण्याच्या कामावर उमेदवारी. समोर बसलेल्यांत खुद्द पंतप्रधान ग्लॅडस्टन. स्मिथनं सांगितलं ते थोडक्यात असं: निनवेच्या ढिगाऱ्यातून आलेल्या एका मातीच्या पाटीवर प्रलयाची गोष्ट आहे. देव माणसांना बुडवायचं ठरवतात, एकालाच आधी खबर लागते, तो तारू बांधून त्यात जीवजंतू भरतो. तारू डोंगराला टेकतं. पाणी ओसरलं का हे पाहायला तो आधी कबुतर, मग पाकोळी आणि शेवटी डोमकावळा सोडतो.

वर्तमानपत्रांनी उचलून धरली ती बायबलची बाजू. नोहाच्या गोष्टीला पुरावा मिळाला, असं काही म्हणाले. ती गोष्ट उसनी ठरली, असं बाकीचे. पण ग्लॅडस्टन नुसते राजकारणी नव्हते. १८५८ मध्ये त्यांनी होमरवर तीन खंड लिहिले होते. स्मिथच्या हातातली ती पाटी नोहाइतकीच होमरच्याही मुळावर येणार होती, हे कळायला मात्र पुढची कितीतरी वर्षं जावी लागली. १८७२ ची ती सभा आणि १ जुलै १९५२ ला बीबीसी रेडिओवर एका तरुण आर्किटेक्टनं केलेलं भाषण, यांच्यामधली ऐंशी वर्षं पाश्चात्त्य साहित्याला फार जड गेली. ज्या पायरीला ते पहिली म्हणत होतं, ती जिन्याच्या मधली निघाली.

त्याआधीची वंशावळ सुटसुटीत होती. धर्म बायबलकडून आला, काव्य होमरकडून. होमर वाचता येत नव्हता तेव्हासुद्धा त्याचा दरारा होता. इटलीतल्या पेट्रार्कला १३५४ मध्ये बायझंटाइन दरबाराच्या वकिलाकडून होमरची ग्रीक पोथी भेट मिळाली. पेट्रार्कला ग्रीक येत नव्हतं. पोथी उराशी धरून आपण उसासे टाकले, असं त्यानंच पत्रात लिहून ठेवलंय. पुढे १४८८ मध्ये फ्लॉरेन्सला होमर छापला गेला आणि युरोपभर त्याची पारायणं सुरू झाली. १७९५ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश आउगुस्ट वोल्फनं ‘प्रोलेगोमेना’ लिहून पहिला सुरुंग लावला: ही काव्यं लिपीच्या आधीची, तोंडी चालत आलेली, आणि मागाहून सांधलेली आहेत. यावर शतकभर रणं माजली. पण वोल्फचे समर्थक काय आणि विरोधक काय, सगळे होमरच्याच ओळी उलटसुलट करून पाहत होते. होमरच्या मागे काय आहे, हे पाहायला कुणाकडे काही साधनच नव्हतं.

साधन आलं ते आताच्या इराकमधून. निनवेच्या कुयुंजिक टेकाडात असुरबानिपाल राजाचा ग्रंथसंग्रह सापडला, तो इंग्रज उत्खननकार लेयर्डच्या आणि होर्मुझ्द रस्सामच्या खोदकामांत. रस्साम मोसुलचाच, तिथल्या ख्रिस्ती घरातला. १८५३ च्या डिसेंबरात त्यानं टेकाडाच्या ज्या भागात हात घातला तो फ्रेंचांच्या वाट्याचा होता, म्हणून काम चाललं रात्री, चंद्राच्या उजेडात. इ.स.पू. सातव्या शतकातल्या या पाट्या लंडनला गेल्या आणि वीसेक वर्षं पडून राहिल्या. त्या वाचल्या स्मिथनं. जेवणाच्या सुट्टीत म्युझियममध्ये जाऊन बसणारा, कोरीव खुणांवर नजर तयार झालेला हा माणूस. त्याची आधीची नोकरी हेच त्याचं विद्यापीठ होतं. प्रलयाच्या ओळी लागल्यावर तो खोलीभर धावला आणि अंगावरचे कपडे काढू लागला, असा किस्सा वॉलिस बज यांनी लिहिलाय. बज म्युझियममध्ये आले त्यानंतर दहाएक वर्षांनी, त्यामुळे मी तो अर्धाच खरा धरतो. ‘डेली टेलिग्राफ’नं १००० गिनी देऊन स्मिथला निनवेला धाडलं. तिसऱ्या खेपेला, १८७६ च्या ऑगस्टमध्ये, अलेप्पोला हगवणीनं तो गेला. वय ३६.

प्रलयाची ती पाटी ज्या महाकाव्यातली, ते म्हणजे गिल्गमेश. त्यातला एक प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. इश्तार देवी गिल्गमेशला मागणी घालते. तो तिच्या जुन्या प्रियकरांची यादी वाचून तिला झिडकारतो. ती रडत वर जाते, बाप अनू आणि आई अंतू यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडते. बाप म्हणतो, तूच कुरापत काढली असशील. आता इलियडचा पाचवा सर्ग उघडा. अ‍ॅफ्रोडाइटीला रणांगणात डायोमिडीस जखमी करतो. ती ऑलिंपसवर पळते, आईच्या मांडीत पडून रडते. बाप झ्यूस हसतो आणि लढाई तुझं काम नव्हे असं समजावतो. इथे आईचं नाव डायोनी, म्हणजे झ्यूसच्याच नावाचं स्त्रीरूप. अंतू हे जसं अनूचं. गंमत अशी की होमरच्या बाकीच्या देवकुटुंबात झ्यूसची बायको हेरा असते, आणि ही डायोनी या एकाच प्रसंगापुरती येते. वाल्टर बुर्कर्ट या स्विट्झर्लंडमध्ये शिकवणाऱ्या जर्मन पंडितानं याच्यावर बोट ठेवलं. प्रलय जगात कुठेही सुचेल, जिवलग मित्राच्या मरणाचा आकांतही सुचेल. हे असं जोडीनं आलेलं नाव आपोआप सुचत नाही.

पण बुर्कर्टचं पुस्तक १९८४ चं. स्मिथपासून तिथवर शंभर वर्षं का लागली? याला थोडे जबाबदार बाबिलोनचे अतिउत्साही भक्तच आहेत. १९०२ मध्ये फ्रीडरिश डेलिच यांनी बर्लिनला कैसरपुढे ‘बाबेल आणि बायबल’ हे व्याख्यान दिलं आणि त्यावरून गदारोळ झाला. १९०६ मध्ये पेटर येन्सन यांचा ठोकळा आला. त्यात जगातली जवळपास प्रत्येक कथा गिल्गमेशमधून काढून दाखवलेली होती. अशा मंडळींमुळे ग्रीकच्या प्राध्यापकांना एक सोय झाली: पूर्वेचं नाव कुणी काढलं की त्याला त्याच रांगेत बसवून मोकळं व्हायचं. दुसरं कारण कमी निरागस होतं. ग्रीस म्हणजे चमत्कार, आईबापांविना जन्मलेला, ही समजूत युरोपातल्या शाळांना आणि साम्राज्यांना मानवणारी होती. ग्रीकांना स्वतःला तसं वाटत नव्हतं. आपली अक्षरं फिनिशियन लोकांकडून आली, हे हेरोडोटसनं सरळ लिहून ठेवलंय.

ट्रॉय खणणाऱ्या श्लीमानबद्दल इतकं लिहिलं गेलंय की त्याला चार ओळींत उरकतो. तुर्कस्तानातल्या हिसारलिकच्या टेकाडात ट्रॉय आहे हे त्याला फ्रँक कॅल्व्हर्टनं दाखवलं, त्यातला काही भाग कॅल्व्हर्टच्याच मालकीचा होता. १८७३ मध्ये सापडलेलं ‘प्रायमचं सोनं’ प्रायमच्या हजारएक वर्षं आधीचं निघालं. घाईघाईत त्यानं हव्या असलेल्या थरातूनच आरपार चर खणला. ते सोनं १९४५ मध्ये बर्लिनहून मॉस्कोला गेलं आणि अजून तिथेच आहे.

त्याहून मोलाचं काम तुर्कस्तानातच, पण आत अनातोलियात, बोगाझकोय इथे झालं. १९०६ पासून तिथे हित्ती राज्याच्या दप्तरातल्या पाट्या निघू लागल्या, १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी या चेक संशोधकानं ती भाषा सोडवली. पुढे त्यांत कुमार्बी देवाची कथा वाचली गेली. आकाशदेव अनूचं राज्य कुमार्बी हिसकावतो, त्याचं लिंग चावून तोडतो, आणि त्याच्याच पोटात वादळाचा देव वाढतो. तोच पुढे गादीवर येतो. ग्रीक कवी हेसिऑडच्या काव्यात क्रोनस आपल्या आकाशरूपी बापाला विळ्यानं खच्ची करतो, स्वतःची मुलं गिळतो, आणि शेवटी विजेचा देव झ्यूस राजा होतो. क्रम तोच, ओंगळपणाही तोच. हित्ती पाट्या हेसिऑडच्या निदान पाचशे वर्षं आधीच्या. इथे योगायोगाची सबब चालण्यासारखी नव्हती.

या ऐंशी वर्षांतला माझा आवडता माणूस मात्र मातीत हात न घालणारा आहे. मिल्मन पॅरी, जन्म १९०२, कॅलिफोर्नियाचा. होमरमध्ये अकिलीसच्या मागे ‘चपळ पायांचा’ आणि समुद्रामागे ‘मद्यासारखा गडद’ हे शब्द पुन्हा पुन्हा का येतात, हा त्याचा प्रश्न. १९२८ च्या पॅरिसच्या प्रबंधात त्यानं दाखवलं की ही विशेषणं वृत्तातल्या ठरलेल्या जागा भरणारे तयार साचे आहेत, आणि इतके काटेकोर साचे एका माणसाच्या डोक्यातून येणं शक्य नाही. त्यांना पिढ्या लागतात. जात्यावरची ओवी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे फार समजावून द्यावं लागणार नाही. पण पॅरीला जिवंत पुरावा हवा होता. १९३३ मध्ये आणि पुन्हा १९३४-३५ मध्ये तो युगोस्लाव्हियात गेला. दुसऱ्या खेपेला बरोबर शिष्य आल्बर्ट लॉर्ड, आणि मुद्दाम बनवून घेतलेलं ध्वनिमुद्रणाचं यंत्र. अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांत भरायची, म्हणून दोन तबकड्या आळीपाळीनं फिरवायची सोय केलेली. गाणारा मध्ये अडायचा नाही. अशा साडेतीन हजारांवर तबकड्या भरल्या.

रमझानच्या रात्री कॉफीखान्यांत गुस्ले नावाच्या एकतारी वाद्यावर वीरकथा गाणारे मुसलमान गायक तिथे होते. त्यांतला अव्दो मेजेदोविच बियेलो पोल्येचा, धंद्यानं खाटीक, निरक्षर. पॅरीनं एक डाव टाकला. दुसऱ्या एका गायकाला अव्दोनं कधी न ऐकलेलं काव्य त्याच्यासमोर गायला लावलं; ते २२९४ ओळींचं होतं. संपल्यावर अव्दोला विचारलं, तुला येईल का? अव्दोनं ते त्याच बैठकीत गायला घेतलं आणि ६३१३ ओळींपर्यंत नेलं. वीरांची शस्त्रं, घोड्याचं खोगीर, मनातली घालमेल, सगळं त्यानं जागेवर भरलं. त्यानं सांगून उतरवून दिलेलं दुसरं एक काव्य १२,००० ओळींच्या पुढे जातं, म्हणजे ओडिसीच्या मापाचं. शब्द न् शब्द तोच गातो, असं हे गायक छातीठोक सांगत. तबकड्या दर वेळी वेगळं सांगत. वोल्फच्या काळापासूनचा ‘एक होमर की अनेक’ हा वाद यानं मिटला नाही, पण त्यातला जोर गेला. ३ डिसेंबर १९३५ ला लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात पिस्तूल उडून पॅरी गेला. वय ३३. त्याचं म्हणणं जगापुढे नीट मांडलं ते लॉर्डनं, १९६० मध्ये.

ज्या १९३३ मध्ये पॅरी पहिल्यांदा निघाला, त्याच वर्षी पुण्यात भांडारकर संस्थेनं महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती पुरी केली. संपादक विष्णु सीताराम सुखठणकर बर्लिनला हाइन्रिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झालेले. ग्रीक-लॅटिन पोथ्यांवर जी पाठचिकित्सा युरोपात घडली होती, तीच ते घेऊन आले होते, आणि प्रस्तावनेला त्यांनी नाव दिलं ‘प्रोलेगोमेना’. फरक असा की व्यासांचा मूळ शब्द आपण हाती लावला, असा दावा त्यांनी केला नाही. आपल्याकडे ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. सुखठणकर शोधत होते, पण कुठे थांबायचं हे त्यांना माहीत होतं. होमरच्या कित्येक अभ्यासकांना ते जमलं नाही.

आता राहिला तो आर्किटेक्ट. मायकेल व्हेंट्रिस १४ वर्षांचा असताना, १९३६ मध्ये, त्यानं क्रीटमधल्या क्नोसॉसचं खोदकाम करणाऱ्या आर्थर इव्हान्सचं बोलणं ऐकलं. तिथे १९०० पासून सापडलेल्या ‘रेखालिपी ब’च्या पाट्या कुणाला वाचता येत नव्हत्या. ही भाषा ग्रीक नाही, यावर इव्हान्स शेवटपर्यंत ठाम. लिपीची घडी पहिल्यांदा बसवली ती ब्रुकलिनच्या कॉलेजात शिकवणाऱ्या अ‍ॅलिस कोबर यांनी. युद्धाच्या काळात कागद मिळेना, तेव्हा शुभेच्छापत्रं आणि जुनी पत्रकं कापून त्यांनी एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास चिठ्ठ्या केल्या आणि सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवल्या. १९५० मध्ये, लिपी उलगडायच्या दोन वर्षं आधी, त्या गेल्या. व्हेंट्रिससुद्धा बरीच वर्षं ही भाषा एत्रुस्कन असणार म्हणून चालला होता. १ जुलै १९५२ ला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यानं रेडिओवर सांगितलं की ती ग्रीकच आहे. होमरच्या पाच-सहाशे वर्षं आधीची ग्रीक.

मग पाट्या वाचल्या आणि पंडितांचा थोडा हिरमोड झाला. मेंढ्या, लोकर, रथाची चाकं, तेल, शिधा. एकही ओळ काव्याची नाही. कच्च्या मातीचं हे दप्तर टिकलं ते वाड्यांना लागलेल्या आगीत भाजून निघालं म्हणून. मला मात्र त्या हिरमोडापेक्षा नावांच्या याद्या जास्त बोलक्या वाटतात: अकिलीस नावाचा कुणी एक सामान्य माणूस आहे, आणि ग्रीसमधल्या पायलोसच्या जमिनींच्या नोंदींत एक हेक्टरही आहे. म्हणजे होमरनं नावं रचली नाहीत, ती आधीच चालत होती. व्हेंट्रिस १९५६ मध्ये मोटार अपघातात गेला; तोही चौतिसाव्याच वर्षी.

त्यानंतरचं सगळं या ऐंशी वर्षांच्या पुंजीवर चाललंय. ग्रीक साहित्य म्हणजे पश्चिम आशियाचंच एक साहित्य, असं इंग्लंडचे मार्टिन वेस्ट १९६६ मध्ये लिहून गेले आणि १९९७ मध्ये सहाशेहून जास्त पानं भरून त्यांनी ते मांडलं. विरोध उरलाय, पण तपशिलांपुरता. पाट्या मात्र अजून निघताहेत. इराकच्या सुलेमानिया म्युझियमनं २०११ मध्ये तस्करांच्या मालातून काही पाट्या विकत घेतल्या, त्यांत गिल्गमेशच्या पाचव्या भागाचा तुकडा निघाला. २०१४ मध्ये फारूक अल-रावी आणि अँड्र्यू जॉर्ज यांनी तो छापला. देवदारांच्या वनातला पक्ष्यांचा, किड्यांचा, माकडांचा कलकलाट, आणि वनाचा राखणदार मारल्यावर गिल्गमेशच्या मित्राच्या, एन्किडूच्या मनाला लागलेली टोचणी, असं वीसेक ओळींचं नवं हाती आलं. गिल्गमेशचं भाषांतर विकत घ्यायचं असेल, तर २०१४ नंतरचं आहे का, ते आधी बघून घ्यावं.