पाळणाघरातल्या ताईंसाठी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या नया बाजारात मराठी घरातलं मूल आजीशी मराठीत आणि गल्लीत हिंदीत बोलतं. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. मोठ्यांनी त्याच्याशी भरपूर बोलायला मात्र हवं.

● मूल ‘पानी’ म्हणालं तर चूक काढू नका. ‘थंड पाणी हवंय? माठातलं देते,’ असं वाक्य वाढवा.

● प्रश्न विचारून पाच-सहा सेकंद थांबा.

● राजमा-चणे निवडायला द्या. ‘हे वेगळे का ठेवलेस?’ विचारा. कारण सांगताना विचार घडतो.

● महागडी खेळणी नकोत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डी गावात पानं, बिया, शंख-शिंपल्यांतूनच मुलांना शिकवलं.