गुडघा बदलण्यापूर्वी

पेढीवर वर्षानुवर्षे मांडी घालून बसलेल्या पिढीचे गुडघे साठीनंतर कुरकुरू लागतात. सामायिकासाठी जमिनीवर बसणे जमत नाही. मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत. मग मुले मोबाइलवर शोध घेतात आणि शल्यविशारदांच्या चित्रफिती समोर येतात. सकाळी शस्त्रक्रिया झालेल्या आजी संध्याकाळी चालताना दिसतात. खाली ‘रोबोटिक’, ‘स्नायू न कापता’, ‘वेदनारहित’ असे शब्द झळकतात.

हे चालणे खोटे नसते. परंतु त्याचे श्रेय बहुतांशी वेगळ्याच गोष्टींकडे जाते. विशिष्ट मज्जातंतू बधिर करण्याच्या पद्धती, सांध्याभोवती टोचलेली वेदनाशामके आणि रक्तस्राव कमी करणारी औषधे यांमुळे नेहमीच्या पद्धतीनंतरही अनेक रुग्ण त्याच वा दुसऱ्या दिवशी पाऊल टाकतात. रोबोट स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करीत नाही. तो आखणीस साहाय्य करतो आणि हाड कापताना शल्यविशारदाच्या हाताला दिशा देतो. त्यामुळे अचूकता वाढते, हे मान्य. मात्र तेवढ्याने गुडघा अधिक टिकतो असे सिद्ध होत नाही. दक्षिण कोरियातील सुमारे १,४०० रुग्णांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किमान दहा वर्षांनंतर दोन्ही पद्धतींच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. ते यंत्र जुन्या पिढीचे होते, हेही नमूद करणे न्याय्य ठरेल. दुसरीकडे, ‘द लॅन्सेट’मधील २०१९ च्या आढाव्यानुसार सुमारे ८२ टक्के कृत्रिम गुडघे २५ वर्षे टिकतात. हे गुडघे रोबोटचा प्रसार होण्यापूर्वीचे होते.

खर्चाचा हिशेबही पाहिला पाहिजे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्यासाठी ती करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये होती. ही मर्यादा सांध्यापुरती आहे. यंत्राचा आकार, शल्यविशारदाचे शुल्क आणि खोलीचे भाडे तिच्याबाहेर राहतात.

वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करण्यास मनाई केली आहे. बऱ्या झालेल्या रुग्णांची छायाचित्रे आणि शस्त्रक्रियेच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर टाकू नयेत, असे २ ऑगस्ट २०२३ च्या नव्या नियमांत स्पष्ट होते; पण ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले. म्हणून पारख कुटुंबालाच करावी लागते.

मूठभर नमुन्यावरून व्यापारी पोत्याची किंमत ठरवत नाही. चित्रफितीतील रुग्ण हा निवडलेला नमुना असतो. गुडघा बदलल्यानंतर साधारण पाचांपैकी एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो. तो पडद्यावर येत नाही. त्यामुळे काही प्रश्न समक्ष विचारावेत. आपण वर्षाला किती शस्त्रक्रिया करता? जंतुसंसर्ग किती जणांना झाला? सांधा कोणता, त्याची किंमत देयकात वेगळी दाखवाल का? रोबोटसाठी अधिक किती आणि त्याचा लाभ नेमका कोणता? व्यायामाने व वजन घटवून अजून काही वर्षे काढता येतील का? आणि सामायिकासाठी जमिनीवर बसता येईल, की खुर्चीच घ्यावी लागेल?

खोटे वजन-माप वापरणे हा आपल्या शास्त्राने अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला आहे. ‘हीनाधिकमानोन्मान’ हा शब्द दुकानाच्या तराजूसाठी आला. यशाचे पारडे दाखवून अपयशाचे झाकणाऱ्या जाहिरातीलाही तो लागू पडतो. वरील प्रश्नांना शांतपणे व आकड्यांनिशी उत्तरे देणारा शल्यविशारद भेटला, तर त्याच्याकडे रोबोट असो वा नसो, वडीलधाऱ्यांचा गुडघा विश्वासाने त्याच्या हाती द्यावा.